मागच्या दाराचा प्रश्न

१

दुपारी तीनला मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढते. अर्धंच. पूर्ण ओढलं की लोकांना वाटतं म्हातारी गेली, आणि उघडं ठेवलं की कुणीतरी बॉबिन मागायला येतं. हाताचं तेल चिंधीला पुसायचं, चष्मा बदलायचा आणि कामाच्या बाकाच्या टोकाला ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं. तिथून साडेचारपर्यंत मी शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई नसते. मी उत्तरेच्या खिंडीतली कुऱ्हाडवाली असते.

ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मी दुसरीत शाळा सोडली. वाचायला शिकले ती मशीनच्या खोक्यात येणाऱ्या माहितीपुस्तकांवरून, आणि मशीन शिकले ती उघडून. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याने त्याच्याकडे पडलेला एक जुना कॉम्प्युटर माझ्या बाकावर आणून ठेवला तेव्हा त्यात हा खेळ आधीपासून होता. "हा काढून टाकतो आजी, तुम्हाला नाही जमायचा," असं तो म्हणाला. तिथेच चुकला.

खेळ म्हणजे एक अख्खा मुलूख आहे. डोंगर, मिठागरं, नदी, तीन शहरं, राक्षस, चेटकिणी. कुणी सांगत नाही इकडे जा, तिकडे जा. लढायचं तर लढा, नाहीतर दिवसभर मासे धरत बसा. सगळं आपल्या डोळ्यांनी दिसतं, म्हणजे समोर आपले हात दिसतात आणि पुढची वाट. पाच वर्षांत त्यातली एक पायवाट मी सोडलेली नाही.

हा खेळ खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे लोक आपापले अनुभव सांगतात, अडलं की विचारतात. "माझा घोडा देवळाच्या छपरावर आहे, उतरवू कसा?" "अस्वलाने मला मारलं आणि आता ते माझी टोपी घालून फिरतंय, हे नेहमीचं आहे का?" मी उत्तरं देते. कट्ट्यावर मला मास्तरीण म्हणतात. शाळेने जे दिलं नाही ते पोरांनी दिलं, मी नाही कशाला म्हणू?

आम्ही चार जण कट्ट्याचे राखणदार. काम एवढंच, की उत्तर मिळालं की प्रश्नावर 'उत्तर झाले' असा शिक्का मारायचा. शिक्का बसला की त्याखाली कुणाला एक अक्षर लिहिता येत नाही. विचारणाऱ्यालाही नाही. म्हणून मी नियम घातला होता: जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, आणि शिक्का तर मुळीच नाही. गिऱ्हाईक सांगतं सुई मोडते आणि दोष निघतो पट्ट्यात. उघडल्याशिवाय बोलू नये.

हा नियम पाच वर्षांत एकाच माणसाने मोडला. मी.

२

त्या सोमवारी भाची आली. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती मुलगी. अर्ध्या शटरखालून वाकून आत आली आणि वाकलेलीच राहिल्यासारखी उभी राहिली.

"मावशी, आईला झटका आला. शनिवारी. उजवी बाजू गेली. वाचा पण."

मी हातातलं शटल खाली ठेवलं नाही. "शुद्धीत आहे?"

"डोळे उघडत नाही. डावा हात तेवढा चालतो. पलंगाच्या दांडीवर ठोकत असते. तीनदा ठोकते, थांबते, परत तीनदा. दुपारी जास्त. डॉक्टर म्हणतात हाताला सवय राहते, त्याला अर्थ नसतो."

"नसेल मग."

"तू चल ना. आत्ता चल माझ्याबरोबर."

"तिने बोलावलंय?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. आमच्या घराण्यातली नजर आहे ती, समोरच्याचं कातडं सोलते. "तिची वाचा गेलीय असं मी आत्ताच सांगितलं."

"अकरा वर्षं होती ना वाचा," मी म्हणाले.

आता ते अकरा वर्षांचं सांगते, म्हणजे कोडं राहायला नको. आमच्या आईचं एक पायमशीन होतं. आई गेल्यावर ते माझ्या दुकानात आलं. मी सामान आणायला दोन दिवस बाहेरगावी गेले आणि परत येते तर मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग. धाकटीने ते पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईला देऊन टाकलं होतं. म्हणाली, आईनेच शेवटी सांगितलं होतं, तिला दे म्हणून. मी म्हणाले, विचारलं असतंस तर मी स्वतः डोक्यावर घेऊन पोचवलं असतं. एका शब्दाने विचारलं का नाहीस? तर म्हणाली, "ताई, तुला विचारायची भीती वाटते."

मशीन गेल्याचं मला फार नव्हतं. ते वाक्य लागलं.

धाकटी नेहमी मागच्या दाराने यायची. दुकानाच्या मागे बोळ आहे, तिकडून. तीन ठोके द्यायची आणि मी ये म्हणेपर्यंत आत यायची नाही. तिचं डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरात वाकडं, त्यामुळे तिसरा ठोका जरा बोथट पडायचा. ते बोट माझ्यामुळे वाकडं. ती सहा वर्षांची होती, मी अकराची. मी आईच्या मशीनवर पाय मारत होते आणि तिने कापड सरळ करायला न विचारता बोट आत घातलं. "ताई, थांब," असं ती म्हणाली होती. मी थांबले, पण लगेच नाही. न विचारता घातलं होतं ना.

भांडणानंतर मी मागच्या दाराला मशीनचे नऊ स्टँड लावून ठेवले. ओतीव लोखंडाचे, एकावर एक. जागा नव्हती म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

"शुक्रवारी येते," मी भाचीला म्हणाले. "कारखान्याची सहा मशीनं गुरुवारी द्यायचीत."

"शुक्रवारपर्यंत काही झालं तर?"

"तिला सांग, मला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही."

मी हे हलकं करायला म्हणाले. भाची हसली नाही. वाकून बाहेर गेली.

३

मंगळवारी तीनला कट्टा उघडला. नव्या प्रश्नांत एक पाहुण्याचा होता. नाव नोंदवल्याशिवाय जो लिहितो त्याला कट्टा नुसता 'पाहुणा' म्हणतो.

"नदीपलीकडे मोडक्या पुलाच्या खालच्या अंगाला एक घर आहे. आत एक बाई मशीनवर बसते, दाराकडे पाठ करून. मी ठोठावते तर उठत नाही. काय करू?"

मी लिहिलं: "या खेळात शिलाई मशीन नाही. इथे कपडे हाताने शिवतात. मोडक्या पुलाखाली मी शंभरदा गेले आहे, तिथे कमरेएवढं गवत आहे आणि एक कोल्हा. आधी नीट बघावं, मग विचारावं."

लगेच खाली 'उलटा मोजा' आला. हा जुना खेळाडू, अर्ध्या वेळा मला छेडायलाच येतो. त्याने लिहिलं, "मास्तरीणबाई, नियम. जाऊन बघितलंत का?"

"मला माझ्या घरातली खुंटी कुठे आहे ते बघायला जावं लागत नाही. तू घोडा उतरवलास का छपरावरून?"

"घोडा तिथे सुखात आहे. लोक नारळ वाहतात."

मी हसत होते. हसताना मागे काहीतरी वाजलं. टक, टक, आणि जरा दबून तिसरं. मी मान वळवली नाही, कारण वळवण्यासारखं काही नव्हतं. मागे स्टँड होते, स्टँडमागे दार, दारामागे बोळ. तीनच्या सुमाराला इमारतीचा पंप सुरू होतो आणि पाइप ठोकायला लागतात हे मला माहीत आहे.

निदान मला माहीत आहे असं मी समजत होते.

४

बुधवारी सकाळी कॉम्प्युटरवाला सुईत दोरा ओवून घ्यायला आला. बायकोने पाठवलं होतं. त्याला स्वतःला ओवता येत नाही आणि चार हजार वायरी जोडतो. मी त्याला म्हणाले, तुझ्या बाजूला तीन वाजता पाइप वाजतो का रे?

"कुठला पाइप?"

"मागच्या भिंतीतला."

"आजी, मागच्या भिंतीत पाइप नाहीच. पाणी पुढून येतं. माझं दुकान मी स्वतः फोडून बघितलंय, वायर टाकताना."

"मग उंदीर असेल."

"असेल की. शिकलेला असेल, तीनच वाजता येतो म्हणजे." सुई घेऊन गेला.

त्या दुपारी पाहुण्याने परत लिहिलं होतं. माझ्या उत्तराखालीच.

"मी नीट बघितलं. शेजारच्या खिडकीतून थोडं दिसतं. छताला पिवळ्या वायरीवर दिवा आहे, वायरीला मधे गाठ मारलेली. बाई म्हातारी आहे. पायटा मारताना डावाच पाय हलवते, उजवा बाजूला ठेवते. तिला ऐकू येत असावं असं वाटतं. ठोठावलं की पाय थांबतो. मग परत सुरू होतो. तिला राग आला आहे का? राग असेल तर कसा घालवतात?"

मी वर बघितलं. बाकावरचा दिवा पिवळ्या वायरीला टांगलेला आहे. वायर लांब होती म्हणून तिला मी स्वतः गाठ मारली आहे. आणि उजवा गुडघा गेल्यापासून मशीन तपासताना मी डाव्याच पायाने चालवते.

पण पिवळी वायर काय जगात एकच आहे? लांब वायरीला गाठ कोण मारत नाही? आणि माझ्या वयाच्या बायकांचे गुडघे काय शाबूत असतात? मला वाटलं हा कॉम्प्युटरवाल्याचा चावटपणा. सकाळी येऊन दिवा बघून गेला. मग वाटलं भाचीचा. तिने सोमवारी सगळं बघितलं होतं. मला लाजवून दवाखान्यात न्यायचा हा तिचा डाव असेल. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

तो विचार मला आवडला. राग आला की माझी भीती जाते. मी लिहिलं: "राग कसा घालवायचा हे विचारायची ही जागा नाही. खेळाबद्दल विचारा."

'उलटा मोजा'ने खाली लिहिलं होतं: "पाहुणे, मी काल दोनदा जाऊन आलो. घर नाही. कोल्हा आहे. पण तुम्ही म्हणता तर उद्या परत जाईन."

तो पोरगा दोनदा जाऊन आला. मी एकदाही गेले नाही.

मागे टक, टक, टक. मी पायाखालच्या मशीनवर परत पाय मारायला लागले, आवाज बुडावा म्हणून. मारता मारता लक्षात आलं की ठोके पडले तेव्हा माझा पाय थांबला होता, आणि आता परत सुरू झाला होता.

५

गुरुवारी कारखान्याचा टेंपो दोनला मशीनं घेऊन गेला. म्हणजे माझ्याकडे काम उरलं नव्हतं. शुक्रवार कशाला, मी त्याच घटकेला उठून दवाखान्यात जाऊ शकत होते. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण माझ्याऐवजी दुसरं कुणी लिहिणार नाही. टेंपो गेला, मी हात पुसले, चष्मा बदलला आणि रोजच्या जागी बसले.

पाहुण्याचा प्रश्न वर आला होता.

"दाराच्या आत काय रचलं आहे? ढकललं की लोखंड वाजतं. मला आत यायचं नाही, तिने एकदा इकडे बघितलं तरी पुरे. आता माझं बोट दुखतं. कुणी सांगेल का, किती वेळा ठोठावलं की ती वळून बघते?"

पुलाखालच्या घराला आतून लोखंड लावल्याचं कुठल्या खेळाडूला कसं कळेल, असा विचार करायला मी सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. स्टँड मी एकटीने लावले होते. पुढून बघणाऱ्याला ते नुसता ढीग दिसतात. त्यांच्यामागे दार आहे हे कॉम्प्युटरवाल्याला माहीत नाही. भाची तेव्हा बाहेरगावी शिकत होती.

माझ्या मागे स्टँड किंचित वाजले. म्हणजे लोखंडावर लोखंड सरकतं तसा, किर्र. ठोका नव्हे. कुणीतरी खांदा लावल्यासारखं.

मला तेव्हा काय करता आलं असतं ते मी रोज मोजते. मान वळवता आली असती. "कोण आहे?" विचारता आलं असतं. "धाकटे, तू आहेस का?" एवढे चार शब्द. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, विचारायला काय जातं माणसाचं.

मी प्रश्नावर 'उत्तर झाले' असा शिक्का मारला.

लोकांना वाटलं मास्तरीण कंटाळली. मी कंटाळले नव्हते आणि मला खोटंही वाटत नव्हतं. खोटं वाटत असतं तर मी भांडले असते. मला खरं वाटलं, म्हणून मी तोंड बंद केलं. तिचं.

शिक्क्याखाली वेळ येते. तीन वाजून दहा मिनिटं.

मागचा आवाज थांबला. मी खिंडीत गेले, दोन लांडगे मारले, चांगल्या वजनाचा एक मासा धरला. चारला फोन वाजला.

"मावशी," भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "आई गेली. तुला आधीच करणार होते, पण इथे कागद भरत होते."

"कधी?"

"तीन दहाला. हात थांबला म्हणून मी घड्याळ बघितलं. सकाळपासून ठोकत होती गं, एकदाही थांबली नव्हती."

मी विचारलं, आणि मला माहीत होतं हे विचारायची ती वेळ नव्हे, "तू या तीन दिवसांत कट्ट्यावर काही लिहिलंस का?"

"कुठल्या कट्ट्यावर?" भाची म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, तू येते आहेस ना?"

"येते," मी म्हणाले.

६

आणि गेले नाही. लगेच नाही. पुन्हा तेच, थांबले पण लगेच नाही.

मला एकच येतं, उघडून बघणं. ते मी तीन दिवस केलं नव्हतं. मी खेळात खिंडीतून खाली उतरले, उतारावर घोडा सोडला, नदी उथळ आहे तिथून पार केली. दुपारचं ऊन होतं, खेळातही आणि शटरखालून फरशीवर येणारंही. मोडका पूल दिसला. कमरेएवढं गवत दिसलं. कोल्हा नव्हता.

घर होतं.

त्याचं वर्णन करत नाही, कारण करण्यासारखं काही नाही. एक भिंत, हिरवं दार, शेजारी एवढीशी खिडकी. आतून मशीनचा आवाज येत होता. पायमशीनचा, आणि पट्टा ढिला असलेल्या मशीनचा, चौथ्या फेऱ्याला एक उचकी देणारा. आईच्या मशीनचा आवाज. मी तो झोपेत ओळखेन.

खिडकीतून पाठ दिसली. पांढरे केस, मानेवर चष्म्याची दोरी. वर पिवळी वायर. मी बाकावर बसले होते आणि माझ्या मानेवरची दोरी मला टोचत होती. आतली बाई कॉम्प्युटरसमोर नव्हती, मशीनसमोर होती, एवढं मी तपासून घेतलं. एवढाच फरक होता. तिच्या स्टुलाशेजारी दुसरं एक बुटकं स्टूल होतं, त्यावर कुणी नव्हतं.

मी दाराशी गेले. खेळात दार ठोठावायला एक कळ दाबावी लागते आणि मग आपला हात वर आलेला दिसतो. माझी कुऱ्हाडवाली पाच वर्षं लोखंडी पंजे घालते. ते मी राक्षसाच्या गुहेतून आणले आहेत, मला त्यांचा एकेक खिळा पाठ आहे. मी कळ दाबली.

वर आला तो हात उघडा होता. डावा. लहान चणीचा, शिरा दिसणारा. मधलं बोट पहिल्या पेरात वाकडं.

त्याने दारावर तीन ठोके दिले. स्पीकरमधून काही आलं नाही.

आवाज माझ्या पाठीमागून आला. टक, टक, आणि तिसरा बोथट.

खिडकीत आतल्या बाईचा पाय थांबला.

मी कळ सोडून दिली होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते, मी ते बघत होते. मागे परत तीन ठोके पडले. आतली बाई वळली नाही. तिने मान थोडी खाली घातली आणि पाय परत सुरू केला. मी पंचाहत्तर वर्षं आरशात बघत आले, पण माझी पाठ किती ताठ आहे आणि किती वाईट दिसते हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

७

मी उठले. गुडघ्याची पर्वा केली नाही.

एक स्टँड साधारण चौदा किलोचा. वरचे तीन मी ओढून खाली घेतले. त्यातला एक पायावर पडला, तिथे अजून काळं आहे. मागून ठोके पडत होते. घाई नव्हती त्यांत. तीन, मग थोडं थांबून तीन. माझ्या तोंडून "थांब, थांब, उघडते," असं निघत होतं. चौथा, पाचवा. एकमेकांत अडकलेले होते, अकरा वर्षांचा गंज. सहावा सोडवायला मला हातोडी घ्यावी लागली, आणि हातोडीच्या आवाजात ठोके ऐकू येईनात. मी हातोडी थांबवून कान दिला.

टक. टक.

तिसरा आला नाही. मी वाट बघितली. मग उरलेले तीन कसे काढले ते आठवत नाही.

कडी गंजली होती, तीही ठोकून काढली. दार उघडलं. बोळात ऊन होतं, समोरच्या भिंतीवर वाळत घातलेली एक चादर होती. कुणी नव्हतं. मी पार टोकापर्यंत जाऊन आले, एका पायात चप्पल, दुसरा तसाच.

परत येताना दाराची बाहेरची बाजू बघितली. अकरा वर्षांत मी ती बघितली नव्हती. हिरवा रंग सगळीकडे तसाच होता, नुसता धूळ खाल्लेला. एकाच जागी नव्हता. माझ्या खांद्याच्या खाली, म्हणजे माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या बाईच्या हाताच्या उंचीला, सुपारीएवढी जागा उडाली होती. रंग गेला होता, खालचा अस्तराचा रंग गेला होता, लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालं होतं. त्यात मधे एक खळगा.

तीन दिवसांत लाकडाला असा खळगा पडत नाही. मी लाकूड आणि लोखंड ओळखते. झिजायला किती लागतं ते मला कळतं. ती जागा वर्षानुवर्षांची होती.

मी पुढे बसून, रोज, रेडिओ लावून, मशीनवर पाय मारत होते. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकते. म्हणत नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा सहा वाजले होते. भाचीने चादर तोंडावरून बाजूला केली. धाकटी लहान दिसत होती. डावा हात चादरीखाली होता.

"हात बघायचा का?" भाचीने विचारलं. "बोटाला काहीतरी लागलंय. नर्सला पण कळलं नाही कशाने."

सगळं आयुष्य मी उघडून बघत आले. तिथे मी नको म्हणाले.

८

मागच्या दाराला आता कडी लावत नाही. स्टँड पुढे ठेवलेत, गिऱ्हाईकं ठेचकाळतात आणि मला शिव्या देतात. कॉम्प्युटरवाला म्हणाला, आजी, बोळातून मांजरं येतील. येऊ देत म्हटलं, विचारून येतात का नाही ते बघू.

शिक्का मारलेला प्रश्न उघडता येतो, पण चारही राखणदारांनी हो म्हणावं लागतं. मी तिघांना लिहिलं, माझी चूक झाली, मी जागेवर न जाता शिक्का मारला. पाच वर्षांत मास्तरणीने चूक कबूल केली म्हणून कट्ट्यावर दोन दिवस चर्चा चालली. प्रश्न उघडला. मी त्याखाली लिहिलं:

"पाहुण्याला: घर आहे. दार आतून बंद होतं, ते आतल्या बाईने स्वतः बंद केलं होतं. तुमच्या ठोठावण्यात चूक नव्हती. किती वेळा ठोठावल्यावर ती वळते, हे मला माहीत नाही. बघून सांगते."

'उलटा मोजा'ने विचारलं, "मास्तरीणबाई, मला अजून गवतच दिसतं. नेमकं कुठून जायचं?" मी त्याला म्हणाले, तू नको जाऊस. तुझी आई आहे ना, तिला फोन कर. तो म्हणाला, बरं. थट्टा केली नाही.

पाहुण्याने पुढे काही लिहिलेलं नाही.

मी रोज तीनला शटर अर्धं ओढते, नदी पार करते आणि त्या दाराशी उभी राहते. घर रोज असतं. आता वर येणारा हात माझाच असतो, लोखंडी पंजाचा. दुसरा हात, कितीदा वाट बघून कळ दाबली तरी, येत नाही. मी तीन ठोके देते. आतल्या बाईचा पाय थांबतो. मी थांबते. तिच्या शेजारचं बुटकं स्टूल रिकामंच असतं.

मग तिचा पाय परत सुरू होतो.

काल मी चारशेव्यांदा ठोठावलं. ती वळत नाही. तिला वाटतं, समोरच्याने आधी एका शब्दाने विचारावं. खेळात आपल्याला बोलता येत नाही, हे तिला कोण सांगणार? पण ऐकू तिला सगळं येतं. मी शपथेवर सांगते, तिला ऐकू येतं.